गवसणी

जुन्या वस्तूंविषयीं आपल्या मनांत जो आदर असतो, त्यांत खरा आदर किती आणि निव्वळ भीति किती, याचा निवाडा करणें फार कठीण आहे. ज्या घरांत वाडवडिलांची एखादी वस्तु जपून ठेवलेली असते, त्या घरांतील माणसें तिच्यावरील धूळ झटकतात, पाहुण्यांस ती दुरून दाखवितात. पण ती हातांत घेऊन वापरावी असें सहसा कोणास वाटत नाहीं, आणि एखाद्यास वाटलेंच तर दुसरें कोणी तरी त्याचा हात धरतें. आमच्या घरीं अशी वस्तु म्हणजे आमच्या तीर्थरूपांचा तंबोरा. तो त्यांनीं १९५८ सालीं मिरजेहून आणला आणि हातपाय चालत होते तोंपर्यंत रोज पहांटे छेडला. त्यांच्या मागें सोळा वर्षें तो बैठकीच्या कोपऱ्यांत लाल गवसणी घालून उभा होता. शेवटच्या दिवशीं त्यांनीं लावलेल्या तारा आम्हीं तशाच राहूं दिल्या होत्या. खुंटीला हात लावला नाहीं, कोणास लावूं दिला नाहीं. यालाच आम्ही पितृभक्ति समजत होतों. ही समजूत ढासळली ती घरापासून हजारों मैल दूर, स्पेनमधील ग्रानादा शहरीं, उघड्या आकाशाखालीं मांडलेल्या कांहीं जुन्या गिटारींपुढें. त्या रात्रीची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची धाकटी कन्या ग्रानादाच्या विद्यापीठांत शिकते. तिच्या आग्रहावरून गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तिकडे गेलों. १४९२ पर्यंत हें शहर स्पेनमधील शेवटच्या मुसलमान राज्याची राजधानी होतें. त्या राजांचा अल्हाम्ब्रा राजवाडा एका टेकडीवर उभा आहे. खालून दारो नांवाची लहानशी नदी वाहते आणि समोरच्या टेकडीवर अल्बायसिन हा जुना मोहल्ला पसरलेला आहे. तेथील उंच भिंतींच्या आंत बाग असलेल्या घरांस 'कार्मेन' म्हणतात. द्राक्षाच्या वेलीस जो अरबी शब्द आहे, त्यावरून तें नांव पडलें. अल्हाम्ब्राकडे चढत जाणाऱ्या कुएस्ता दे गोमेरेस या रस्त्यावर गिटारी घडविणाऱ्यांचीं दुकानें आहेत. आपल्या मिरजेस सतारी-तंबोरे करणाऱ्यांची आळी आहे, तिची आम्हांस तेथें आठवण झाली. अशाच एका वृद्ध कारागिराकडे आमची कन्या आठवड्यांतून एकदां गिटार शिकावयास जाते. त्याच्या एका मित्रापाशीं जुन्या गिटारींचा संग्रह आहे, आणि तो मित्र वर्षांतून एक रात्र आपल्या कार्मेनच्या बागेंत त्या गिटारी ओळखीच्या मंडळींस ऐकवितो. त्या रात्रीचें निमंत्रण कन्येबरोबर आम्हांसहि आलें.

उघड्यावर बसून गिटार ऐकण्याची या शहराची रीत जुनी आहे. मान्युएल दे फाया हा संगीतकार आणि फेदेरिको गार्सिया लोर्का हा त्या वेळचा तरुण कवि यांनीं इतर मंडळींच्या साह्यानें १३ व १४ जून १९२२ या दोन रात्रीं अल्हाम्ब्रांतील एका चौकांत आंदालुसियाच्या जुन्या गायनाची स्पर्धा भरविली होती. दुसऱ्या रात्रीं पाऊस आला, तरी श्रोते उठले नाहींत. तें जुनें गाणें लोपत चाललें आहे, अशी त्या दोघांस धास्ती होती. आणि तें वांचविण्याचा उपाय म्हणून त्यांनीं तें हजारों लोकांपुढें गाववून घेतलें. ही गोष्ट ऐकतांना आम्हांस ती केवळ इतिहासाची वाटली. तिचा आमच्या घरच्या कोपऱ्याशीं कांहीं संबंध असेल, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं.

बागेंत द्राक्षांच्या मांडवाखालीं चाळीसएक खुर्च्या मांडल्या होत्या. दरीच्या पलीकडे अल्हाम्ब्राचे बुरूज मावळत्या उन्हांत आधीं केशरी, मग विटकरी आणि मग काळे पडत गेले. जुलैच्या आरंभीं तेथें सूर्य साडेनऊनंतर मावळतो. कार्यक्रमाची वेळ दहाची होती. "इतका उशीर कां?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां कन्या म्हणाली, "उन्हाची कोरडी झळ लागली तर जुनें लांकूड तडकतें, बाबा. सूर्य बुडाल्याशिवाय पेट्या उघडायच्या नाहींत, असा त्यांचा नियमच आहे." बागेच्या मध्यावर दगडी कुंडांत एक बारीक कारंजें उडत होतें. कार्यक्रमास आरंभ होण्यापूर्वीं यजमानांनीं स्वतः जाऊन तें बंद केलें. एवढ्याशा पाण्याचा अडथळा तो काय व्हावयाचा, असें आमच्या मनांत आलें. पहिली गिटार वाजूं लागली आणि त्याचा उलगडा झाला.

ही गिटार सतराव्या शतकांतील नमुन्यावरून नव्यानें घडविलेली होती. तिच्या तारा जोडीजोडीनें पांच ठिकाणीं लावलेल्या. मधल्या गोल भोकांत चर्मपत्राची जाळीदार नक्षी. तारा आंतड्याच्या, म्हणजे आपल्या सारंगीच्या तातीसारख्या. आणि पडदेहि तातीचेच, दांड्याभोंवतीं बांधलेले, सतारीच्या पडद्यांप्रमाणें पुढेंमागें सरकणारे. परक्या मुलुखांत अवचित आपल्या गांवचा मनुष्य भेटावा, तसें आम्हांस तें पाहून झालें. गास्पार सान्स यानें असली गिटार शिकविणारें पुस्तक १६७४ मध्यें सारागोसा येथें प्रसिद्ध केलें. व्हायोलिनमुळें जगप्रसिद्ध झालेल्या स्त्राडिव्हारीनेंहि अशा गिटारी केल्या होत्या. त्यांपैकीं १६७९ मधील 'साबियोनारी' नांवाची गिटार आजहि वाजूं शकते.

हें सर्व ऐकून आमची अपेक्षा बरीच वाढली होती. पण पहिला सूर निघाला तो इतका लहान, कीं शेजाऱ्याची खुर्ची करकरली असती तर तो हरवला असता. घरांत चार भिंती सूर परत देतात. उघड्यावर जो सूर गेला तो गेला. आमची पहिलीं पांच मिनिटें निराशेंतच गेलीं. मग आजूबाजूचे लोक किंचित् पुढें वांकून बसले आहेत, हें आमच्या लक्षांत आलें. आम्हीहि वांकलों, श्वास हळू केला, आणि हळू हळू एकेक जोड निराळी ऐकूं येऊं लागली. वाद्याचा आवाज होता तेवढाच राहिला, पण आमचे कान त्याच्या मापाचे झाले. कारंजें कां बंद केलें, हें आतां विचारण्याचें कारण उरलें नाहीं.

दुसरी गिटार अस्सल जुनी, १८३० च्या सुमारास पॅरिस येथें घडलेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तारांच्या जोड्या जाऊन सहा सुट्या तारा लावण्याची चाल पडली, त्या चालीची ही. अंगानें लहान, कमरेस बारीक. तीन तारा तातीच्या आणि खर्जाच्या तीन रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळून केलेल्या. त्या काळीं पॅरिसमध्यें फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) आणि दिओनिसिओ आग्वादो हे दोन स्पॅनिश वादक राहत होते. सोर बोटांच्या मऊ अग्रांनीं वाजवी, आग्वादो नखांनीं. आणि तरीहि सोरनें दोघांनीं मिळून वाजविण्यासाठीं 'दोन मित्र' या नांवाची रचना केली. आपल्याकडील घराण्यांच्या अभिमान्यांनीं ही गोष्ट गांठीं बांधून ठेवण्याजोगी आहे. वादकानें या गिटारीवर सोरचीच एक रचना वाजविली. दर दोन-तीन मिनिटांनीं तो थांबे आणि पुन्हां तारा लावी. रात्रीच्या हवेंत तात स्थिर राहत नसे. श्रोत्यांत कोणी कुरकुर केली नाहीं. तंबोरा लागेपर्यंत निमूटपणें बसण्याची संवय असलेल्या आम्हांस तर तें घरच्यासारखेंच वाटलें.

यानंतर यजमानांनीं आंतोनियो दे तोर्रेस याची गोष्ट सांगितली. हा १८१७ मध्यें आल्मेरिया शहराजवळ जन्मला. आधीं सुतारकी शिकला, सेव्हिल्यास जाऊन गिटारी करूं लागला, आणि पुढें आल्मेरियास परतल्यावर पोटासाठीं त्यानें चिनी मातीच्या भांड्यांचें दुकानहि घातलें. गिटारीचें अंग त्यानें मोठें केलें, वरची फळी पातळ केली, आणि त्या फळीला आंतून पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्या लावण्याची रीत पूर्णतेस नेली. आजची गिटार बहुतेक त्याच्याच मापाची आहे. आवाज मुख्यतः वरच्या फळींतून येतो, हें दाखविण्यासाठीं त्यानें १८६२ मध्यें पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या करून एक गिटार घडविली. ती बार्सिलोनाच्या संगीतसंग्रहालयांत आहे. तो १८९२ मध्यें वारला.

आतां आमच्या फजितीची गोष्ट. यजमान म्हणाले, "तोर्रेसच्या पद्धतीच्या दोन गिटारी येथें आहेत. एक १८८० च्या सुमाराची. दुसरी तिच्याच मापावर सात वर्षांपूर्वीं केलेली. दोन्ही आडून वाजविल्या जातील. जुनी कोणती तें तुम्ही सांगा." वादक वेलींच्या आड गेला, आणि फ्रान्सिस्को तार्रेगाची अल्हाम्ब्राच्या आठवणींची प्रसिद्ध रचना त्यानें दोन्ही गिटारींवर वाजविली. आम्हीं लहानपणापासून घरांत गाणें ऐकलें, चाळीस वर्षें मैफली ऐकल्या. कानाविषयीं आम्हांस थोडा गर्व आहे, तो कां लपवावा? पहिली गिटार आम्हांस जरा कोरडी वाटली. दुसरीचा सूर मुरलेला, मधासारखा दाट. "दुसरी जुनी," असें आम्हीं कन्येच्या कानांत सांगितलें, आणि यजमानांनीं विचारतांच हात चांगला खांद्याच्या वर नेला. दुसरी गिटार नवी निघाली.

ती घडविणारा तोच वृद्ध कारागीर. तो हंसत हंसत आमच्यापाशीं आला आणि गिटार पालथी करून त्यानें आमच्या पुढें धरली. काळसर तपकिरी लांकूड, त्यांत जांभळट रेघा. आमच्या आजीची दागिन्यांची पेटी अशाच लांकडाची होती. "हें तर शिसव!" आम्ही उद्गारलों. कन्येनें भाषांतर केलें. कारागिरानें मान डोलावून एकच शब्द उच्चारला, "इंडिया." ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार १९९२ पासून जगभर बहुतेक बंद आहे, पण त्याच्याहि आधींपासून स्पेनचे कारागीर हिंदुस्थानच्या शिसवीकडे वळले होते. पश्चिम घाटांत वाढणाऱ्या त्या जातीच्या लांकडाची पाठ असलेली, सात वर्षांचें वय असलेली गिटार आम्हांस स्पेनच्या जुनेपणाचा अर्क वाटली होती! आम्हीहि हंसलों, पण मनांत एक कांटा राहिला. जुनेपणाचा आवाज आम्हांस ओळखतां येत नसेल, तर इतकीं वर्षें आम्ही ज्याला मान देत होतों तें काय होतें?

कार्यक्रम संपल्यावर यजमानांनीं कारंजें पुन्हां सुरू केलें आणि मंडळींस गिटारी जवळून पाहावयास बोलाविलें. पॅरिसच्या त्या गिटारीविषयीं आम्हीं कन्येमार्फत विचारलें, "ही दोनशें वर्षें जशीच्या तशी कशी राहिली?"

"जशीच्या तशी?" यजमान म्हणाले. "पडदे दोनदां बदलले. पाठीला चीर होती, ती आंतून लांकूड लावून बुजविली. खुंट्या मूळच्या नाहींत. तारा अडकवायची पट्टी एकदां उखडली होती. दर पिढींत कोणी ना कोणी हिला उघडलें आहे."

"आणि कोणीं हात न लावतां नुसती जपली असती तर?"

"तशा जपलेल्या मीं पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या माळ्यावर सांपडतात. तारा ताणलेल्या, आणि त्यांच्या ओढीनें फळी आंत गेलेली." मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "वाजवून सुद्धां ती झिजते. फुकट कांहींच नाहीं. म्हणून मी ती अर्धा तास वाजवूं देतों, आणि पुन्हां तारा उतरवून ठेवतों."

तारा उतरवून ठेवतों! आमच्या पोटांत गोळा उठला. घरच्या तंबोऱ्याच्या तारा आम्हीं सोळा वर्षें उतरविल्या नव्हत्या, आणि न उतरविण्याचाच आम्हांस अभिमान होता.

तेवढ्यांत यजमानांनीं ती गिटार आमच्या कन्येपुढें धरली. "मनगटावरचें कडें काढ, आणि वाजव." तिनें कडें काढलें, हात रुमालास पुसले, दोन्ही हात पुढें केले, आणि एकाएकीं थांबून तिनें आमच्याकडे पाहिलें.

त्या पाहण्याचा अर्थ तेथें फक्त आम्हांस ठाऊक होता. तीर्थरूप असतां ती त्यांच्या मांडीवर बसून तंबोऱ्याच्या तारा छेडीत असे. ते तिचें बोट धरून तिला षड्ज दाखवीत. ते गेले तेव्हां ती सात वर्षांची होती. पुढें महिन्याभरानें एका दुपारीं गवसणींत हात घालून ती एक तार छेडीत असलेली आम्हांस दिसली. आम्ही केवढ्यानें तरी ओरडलों, "आजोबांचा आहे तो! हात लावूं नकोस!" ती रडली नाहीं, हात काढून घेऊन नुसती उभी राहिली. त्यानंतर त्या कोपऱ्याकडे ती फिरकली नाहीं. ज्यांचा तंबोरा त्यांनीं तिला कधीं अडविलें नव्हतें; अडविलें आम्हीं, आणि तेंहि त्यांचें नांव घेऊन. आणि आतां एक परका मनुष्य आपली दोनशें वर्षांची ठेव निःशंकपणें तिच्या हातीं देत असतां, तेवीस वर्षांची ती मुलगी वाद्याला हात लावण्यापूर्वीं बापाच्या तोंडाकडे पाहत होती.

"घे," आम्ही म्हणालों. अधिक बोलवलें नाहीं.

तिनें काय वाजविलें तें आम्हांस सांगतां येणार नाहीं. चार ओळींचें सोपें कांहीं तरी होतें, त्यांत एकदोनदां ती चुकली, आणि यजमानांनीं त्याकडे लक्षहि दिलें नाहीं. नंतर गिटार आमच्या हातीं आली. ती इतकी हलकी होती कीं हातांत कांहीं घेतल्यासारखें वाटेना. तार धरतांना आम्हीं नको तितका जोर केला. सूर चढला आणि वांकडा झाला. "बाबा, इतकें दाबूं नका," कन्या म्हणाली, "बोट नुसतें टेकवा." आम्हीं बोट टेकविलें. एक सूर नीट निघाला. शेजारच्या कारंज्यांत तो लगेच बुडाला. पण आमच्या छातीस लागलेल्या फळींतून तो आम्हांस अंगांत कळला. इतक्या पातळ फळीनें दोन शतकें तारांचा भार सोसला, कारण प्रत्येक पिढीनें तो वेळोवेळीं उतरविला होता.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यांत आम्ही तंबोरा घेऊन मिरजेस गेलों. मिरजेची ही कारागिरी एकोणिसाव्या शतकांतली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनीं हत्यारांचे दिवस सरल्यावर तंतुवाद्यें करावयास घेतलीं, आणि पंढरपूरकडच्या भोंपळ्यांतून सतारी व तंबोरे उभे राहिले. त्याच आळींतील एका कारागिरानें गवसणी काढली आणि तबलीवरून तळहात फिरविला.

"साहेब, तारा उतरवून का नाही ठेवल्या?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

"सोळा वर्षांची ओढ बसली आहे. तबली थोडी खाली गेली आहे. तरी बरं, आत्ता आणलात. जवारी मात्र नव्याने काढावी लागेल."

जवारी काढणें म्हणजे घोडीचा माथा कानशीनें अगदीं थोडा घासून तार जेथें टेकते तेथचा उतार पुन्हां नीट करणें. त्याखेरीज तंबोऱ्याचा सूर फुलत नाहीं. आमच्या तंबोऱ्याच्या घोडीवर चार तारांच्या चार बारीक खांचा होत्या. त्या तीर्थरूपांच्या रोजच्या पहांटेनें पाडलेल्या. "या राहतील का?" असें आम्हीं विचारलें. कारागीर म्हणाला, "या राहिल्या तर जवारी येणार नाही. आणि दर खेपेला घोडी थोडी कमी होणार, तेही सांगून ठेवतो. फार वर्षांनी नवी बसवावी लागेल." ग्रानादाच्या यजमानांचे शब्द आम्हांस आठवले. आम्हीं मान हलविली. कानस फिरली, आणि त्या चार खांचा पांढऱ्या भुकटीच्या रूपानें त्याच्या मांडीवरील फडक्यावर पडल्या. मन घट्ट करून आम्हीं तें पाहिलें. मग त्यानें तारेखालीं सूत सरकवून जोड छेडली, आणि सोळा वर्षांपूर्वींच्या पहांटे आमच्या घरीं जो आवाज भरत असे तो त्या लहानशा दुकानांत उभा राहिला. तो तोच होता कीं थोडा निराळा होता, हें ठरविण्याच्या भरीस आम्ही पडलों नाहीं. आमच्या कानाची परीक्षा ग्रानादांत एकदां होऊन गेलेली आहे.

दिवाळींत कन्या घरीं आली. गवसणी काढलेली पाहून ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही उठलों तेव्हां ती बैठकींत तंबोऱ्यापुढें बसली होती. आमची चाहूल लागतांच तिचा हात तारांपाशीं थांबला आणि ती मागें वळून पाहणार, इतक्यांत आम्ही मुद्दाम खिडकीपाशीं जाऊन, बाहेर अजून अंधारच आहे कीं काय, तें पाहत उभे राहिलों.